शुक्रवारी ती चावायची नाही

आमच्या घरात पाणी यायचं ते बाबांच्या पँटवर. आई तसं म्हणायची, आणि हसून नाही म्हणायची. बाबा ठाण्याला खोपटच्या डेपोत कंत्राटावर एसटीच्या गाड्या धुवायचे. दिवसभर हातात जाड पाइप, चाकांवर, काचांवर, टपावर पाणीच पाणी. संध्याकाळी लोकलने दिव्याला घरी यायचे ते गुडघ्यापर्यंत भिजलेले, आणि घरात दोन कळशा, त्यातली एक अर्धी.

"तिकडे गाड्यांना आंघोळ घालता, आणि हिकडे पोरीला केस धुवायला तांब्याभर नाही."

"मग काय, डेपोत नेऊन धुऊ तिचे केस?"

एकदा खरंच नेलं. मी सातवीत होते. डेपोच्या मागच्या भिंतीशी वाकून उभी राहिले, बाबांनी पाइप धरला, आणि दोन ड्रायव्हर चहा पीत बघत होते. एक जण म्हणाला, "झाली का धुऊन? आता डिझेल भर आणि लाव फलाटाला." बाबा हसले. मी नाही हसले, आणि ते अजून विसरलेली नाही.

आमच्या चाळीत दहा खोल्यांना एक नळ होता आणि त्याला वेळ नव्हती. पाणी यायच्या आधी पाइपात हवा यायची, घरघर व्हायची, मग धार. घरघर ऐकून जो आधी धावेल त्याचा हंडा आधी. मी पुस्तक उपडं टाकून धावायचे. शेजारच्या बाईने एकदा मध्ये हात घातला, तर मी तिला चावले होते. बारावीचा अभ्यास मी विहाराच्या अभ्यासिकेत केला, कारण तिथे नळ ऐकू यायचा नाही.

आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए., मग वर्तन विश्लेषणाचा कोर्स, तोही नोकरी करत. हे मी मिरवून सांगते, कारण माझ्यासाठी दुसरं कोणी मिरवणार नव्हतं. टेंभी नाक्याजवळच्या, विशेष मुलांच्या एका सेंटरमध्ये मला काम मिळालं आणि खोपटच्या मागे आम्ही भाड्याने फ्लॅट घेतला, चोवीस तास पाणी असलेला. आईला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "मुलगी काय करते?"

"शाळेत जाते. मुलांचं वागणं बघते."

"म्हणजे टीचर?"

"टीचर नाही. टीचरच्या मागे बसते."

माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन माझ्या सर्टिफिकेटवरही नाही.

सेंटरने मला डोंबिवलीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठवलं ते जानेवारीत. तिसरीतली मुलगी, आठ वर्षांची. बोलणं दोन-तीन शब्दांचं. डॉक्टरांनी फाइलवर ऑटिझम लिहिलेलं. ती वर्गातून पळायची आणि जो अडवेल त्याला चावायची. मी खुर्चीत टेकायच्या आधीच प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "फेब्रुवारी संपेपर्यंत बघू. मार्चमध्ये पालकांना दाखला देऊन मोकळं करणार."

"आठवीपर्यंत असं काढता येत नाही मॅडम. कायदा आहे."

"आम्ही कुठे काढतोय? पालक स्वतः अर्ज करतील. अर्ज आम्ही टाइप करून ठेवलाय, त्यांना त्रास नको."

अर्ज टेबलाच्या काचेखाली होता. शाळा बदलण्याचे कारण: घरगुती अडचण. फक्त सहीची जागा रिकामी होती. त्या क्षणापासून मला ती बाई आवडली नाही, आणि आजही आवडत नाही.

वर्गशिक्षिकेने मला वर्गाच्या दारातच अडवलं.

"तुम्ही बी.एड. आहात का?"

"नाही."

"मग माझ्या वर्गात बसणार कुठल्या हिशेबाने?"

"तुमच्याकडे नाही बघणार. तिच्याकडे बघणार."

तिने बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत चावल्याच्या तीन खुणा, एक अजून निळी. "नवऱ्याने विचारलं, शाळेत शिकवायला जातेस की कुत्री पकडायला? बघा, हवं तितकं बघा. पण लिहा नीट." तिच्या रागाला कारण होतं, हे मी मान्य करते. तरी ती मुलांसमोर त्या मुलीला 'चावरी' म्हणायची, तेही मी वहीत लिहिलं, वेळ टाकून.

आमचं काम वहीतलं आहे. तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय मिळालं. मूल उगाच काही करत नाही. काही तरी हवं असतं किंवा काही तरी टाळायचं असतं. ते काय आहे हे शोधायचं, आणि तीच गोष्ट त्याला चावल्याशिवाय मिळेल असं करायचं. शाळेला हे जादूटोण्यासारखं वाटतं. आठवडाभर मी शेवटच्या बाकावर बसून नुसतं लिहीत होते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये माझ्या कानावर पडावं एवढ्या आवाजात कोणी तरी म्हणालं, "जनगणनेवाल्या आल्या."

फाइलवर मुलीचा पत्ता दिव्याचा होता. मी तो वाचला आणि पान उलटलं. नियम असा की घरी जाऊन बघायचं: मूल कुठे बसतं, कशाने चिडतं, कशाने शांत होतं. मी तिच्या आईला फोन केला, वीस मिनिटं बोलले आणि गृहभेटीच्या रकान्यात लिहिलं, 'झाली, फोनवर.' दिवा सोडून आम्हाला सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. लग्नाला नाही, मयताला नाही. सेंटरमध्ये कोणी विचारलं तर मी ठाण्याची आहे असंच सांगायचे.

दोन आठवड्यांच्या नोंदींतून मला उत्तर मिळालं असं मला वाटलं. सगळे प्रकार मधल्या सुट्टीनंतर, अकरा ते साडेअकराच्या दरम्यान. तेव्हा गणिताचा तास. शिक्षिका फळ्यावर गणित लिहायला वळली की मुलगी कान टवकारून बसायची, मग बाटली उचलून दाराकडे. शुक्रवारी काही नाही, आणि शुक्रवारी त्या वेळेला पीटी. म्हणजे गणित टाळायला पळते. पुस्तकात छापावं इतकं स्वच्छ. मी योजना लिहिली: गणिताचे छोटे तुकडे करायचे, मध्ये थांबायचं कार्ड द्यायचं, कार्ड दाखवलं की दोन मिनिटं सुट्टी. प्रिन्सिपल मॅडमसमोर मी ते अशा थाटात वाचलं की आज आठवलं तरी कान गरम होतात.

मुलगी कार्ड घ्यायची, बघायची, दप्तरात ठेवायची. मग बाटली घेऊन पळायची.

त्यातच वार्षिक कार्यक्रमाच्या तालमींनी वेळापत्रक उलटंपालटं झालं. गणित सकाळी गेलं आणि सुट्टीनंतर चित्रकला आली. चित्रकला तिला सगळ्यात आवडायची. सकाळी तिने बेरजा गुपचूप सोडवल्या. सव्वा अकराला हातातला जांभळा खडू टाकून ती उठली, दारात आडव्या आलेल्या एका मुलीच्या खांद्याला चावली आणि जिन्याने खाली धावली. शिपाईकाकांनी तिला खालीच पकडून उचलून आणलं, हातपाय झाडत.

प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. "गणित होतं का आज?"

"नव्हतं."

"चित्रकलेलाही घाबरते वाटतं. तुमची वही रद्दीवाला घेईल का, विचारून बघा."

चावल्या गेलेल्या मुलीची आई ऑफिसातच बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात ना? की आमचीच मुलं मिळाली प्रयोगाला?" संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर हेच चाललं होतं. पंधरा सह्यांचं पत्र आलं. मार्च उजाडायला तीन आठवडे होते, आणि माझ्याकडे शेवटच्या बाकावरची एक चुकीची वही होती.

रविवारी दुपारी मी ती वही पुढ्यात घेऊन जमिनीवर बसले होते. आई जेवून पलंगावर आडवी झालेली. अचानक ती उठली, अर्धवट झोपेत, पदर खोचत स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालचं पातेलं ओढलं.

"काय झालं गं?"

"पाणी चाललंय ना."

"कुठे?"

"टाकीचं. वरून पडतंय. तुला ऐकू येत नाही?"

मी कान दिला. बिल्डिंगची टाकी भरून वाहत होती, पाइपातून पाणी मागच्या गल्लीत पडत होतं. माझ्या डोक्यावर, माझ्या खिडकीमागे, आणि मी ऐकलं नव्हतं. आईच्या हातात पातेलं होतं, आणि घरात तीन नळ होते.

"ऐकायची गरज नाही पडली ना तुला," आई म्हणाली, आणि पातेलं परत ठेवून झोपायला गेली.

मी वही पहिल्या पानापासून परत वाचली. शुक्रवारी काही नाही. शुक्रवारी पीटी असते हे खरं. पण डोंबिवलीच्या त्या भागात पाणीकपातीचा वारही शुक्रवारच. आणि ती कान टवकारून बसायची, हे मी स्वतःच्या अक्षरात सात ठिकाणी लिहिलं होतं. कशाकडे, ते एकदाही लिहिलं नव्हतं. बाटली घेऊन पळते हे लिहिलं होतं, कंसात 'फेकायला?' असं.

सोमवारी संध्याकाळी मी दिव्याला गेले. आमची चाळ पाडून तिथे सात मजले उभे राहिलेत. त्या मुलीचं घर दोन गल्ल्या पलीकडे, बैठ्या चाळीत. तिच्या आईने दार अर्धंच उघडलं.

"आता आलात? अर्जावर सही करायला आणलाय का कागद?"

"नाही. मला बघायचं होतं, घरी कशी राहते."

"फोनवर झालं ना बघून."

तिने दार पूर्ण उघडलं ते मला बोलावण्यापेक्षा गल्लीतल्या बायका बघायला लागल्या म्हणून. मुलगी उंबऱ्यावर बसून जांभळ्या खडूने पाटीवर गोल काढत होती. शेजारी रिकामा हंडा.

"हा हंडा हिच्याजवळ का?"

"तिचं काम आहे ते. पाणी यायचं असलं की हिला सगळ्यांच्या आधी कळतं. पाइप वाजायच्या आत उठते. आमचा हंडा पहिला लागतो तो हिच्यामुळे. म्हणून तर शेजारी जळतात."

"हे मला फोनवर का नाही सांगितलंत ताई?"

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही विचारलंत, काय काय चुकीचं करते. हे चुकीचं आहे होय?"

शाळेत, कोर्सला, सेंटरमध्ये मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. हे एक बोलणं मी तिथेच वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागे जाऊन बघितलं. मधल्या सुट्टीनंतर शिपाईकाका मोटर चालू करायचे आणि कोपऱ्यावर चहाला जायचे. टाकी भरायची, वाहायची, आणि पाणी जाड पाइपातून तिसरीच्या खिडकीखालच्या गटारात पडायचं. वीस वीस मिनिटं. अख्ख्या शाळेत ते एका मुलीला ऐकू येत होतं. ती भरून घ्यायला धावत होती आणि आम्ही मोठी माणसं तिला अडवत होतो.

प्रिन्सिपल मॅडमना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे चावते ती, आणि चूक आमच्या टाकीची?"

"मॅडम, उद्या मोटर सकाळी साडेनऊला लावू. टाकी वाहू दे. मराठीचा तास आहे, तिच्या आवडीचा. तिला कोणी अडवायचं नाही. तुम्ही खाली पाइपाशी उभ्या राहा."

"आणि ती नाही आली तर?"

"तर अर्ज मीच तिच्या आईकडे घेऊन जाते."

हे मी रागाच्या भरात बोलले. असं पणाला लावायला ती माझी मुलगी नव्हती. पण बोलून बसले होते.

साडेनऊला मोटर लागली. शिपाईकाका मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "अठरा वर्षं ही मोटर मी लावतोय, आजपर्यंत एक पोर पाण्याला भुललं नाही." मी वर्गाच्या दारात उभी, हात पाठीमागे. दहा मिनिटं काही नाही. शिक्षिका कविता म्हणून घेत होती आणि मध्ये मध्ये माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. टाकी भरायला तेवढा वेळ लागतो हे मला माहीत होतं.

मग तिची मान वर झाली. मला अजून काही ऐकू आलं नव्हतं. तिने बाटलीतलं पाणी एका घोटात पिऊन टाकलं, झाकण उघडंच ठेवलं आणि निघाली. शिक्षिका सवयीने आडवी जायला लागली, मी म्हटलं, "जाऊ दे." मुलगी माझ्या बाजूने गेली, माझ्याकडे न बघता, जिना उतरली, इमारतीला वळसा घातला आणि पडत्या धारेखाली बाटली धरली. बाटली भरली, वाहायला लागली. ती इकडे तिकडे बघत होती: दुसरं भांडं कोणी आणत का नाही? प्रिन्सिपल मॅडम तीन फुटांवर उभ्या, साडीला शिंतोडे. मुलगी त्यांना म्हणाली, "पाणी. चाललं." सगळ्या वर्षात त्या बाईंशी बोललेले तिचे हे पहिले शब्द.

तिने कोणाला चावलं नाही, कारण तिच्या वाटेत कोणी नव्हतं.

इथे गोष्ट गोड व्हायला हवी. झाली नाही. प्रिन्सिपल मॅडम वर जाताना एवढंच म्हणाल्या, "हे बाहेर बोलायची गरज नाही." टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट बसवायला त्यांनी दहा दिवस लावले, कारण ट्रस्टींना कारण काय सांगायचं ते ठरत नव्हतं. तोपर्यंत मी मुलीला एक कार्ड शिकवलं, निळं, नळाचं चित्र असलेलं. पाणी ऐकू आलं की कार्ड शिक्षिकेला द्यायचं, तिने मान हलवायची, मग माझ्याबरोबर खाली जाऊन शिपाईकाकांना दाखवायचं, त्यांनी मोटर बंद करायची, आणि परत वर्गात. गणिताच्या कार्डाला न शिवलेली मुलगी हे कार्ड दोन दिवसांत शिकली.

शिपाईकाकांचा अपमान झाला. "आता तिसरीतली पोरगी मला सांगणार का मोटर बंद कर?"

"तुम्ही चहाला गेला नसतात तर ती बोललीच नसती," मी म्हटलं.

तेव्हापासून ती खाली आली की ते उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, "या पाणीखात्याच्या साहेब." खोचकपणे म्हणायचे. शेवटपर्यंत खोचकपणेच म्हटलं. पण मोटर बंद केली, आणि चहाला जाणं पंधरा मिनिटं पुढे ढकललं. मला तेवढंच हवं होतं. त्यांनी प्रेम करावं असं माझ्या योजनेत कुठे लिहिलेलं नव्हतं.

वर्गशिक्षिकेने पहिल्या दिवशी कार्ड दोन बोटांत धरलं, मेलेलं झुरळ धरल्यासारखं. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "हे मला आधी कळायला हवं होतं का?"

"मला कळायला हवं होतं," मी म्हटलं. "मी तिथलीच आहे."

"कुठली?"

"दिव्याची."

हे मी त्या शाळेत पहिल्यांदा सांगितलं. 'चावरी' हा शब्द त्यानंतर माझ्या वहीत आलेला नाही.

मार्चमध्ये बैठक झाली. पंधरा सह्यांपैकी चार आया आल्या. मी आलेख ठेवला: सोळा शाळेचे दिवस, एकही चावा नाही. खांद्याला चावा बसलेल्या मुलीची आई म्हणाली, "आणि सतराव्या दिवशी?" मी म्हटलं, "सतराव्या दिवशी तुम्ही टाकी वाहू देऊ नका." प्रिन्सिपल मॅडमनी कागद पुढे सरकवला: यापुढे काही झालं तर जबाबदारी वर्तन विश्लेषकाची. सही करा.

मी सही केली नाही. मी म्हटलं, "मॅडम, काचेखालचा अर्ज काढा, मग बोलू." वर्गशिक्षिका भिंतीशी उभी होती, बाही खाली ओढलेली. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या वर्गात राहू दे तिला. मला चालेल." त्या आवाजात माया नव्हती, दमणूक होती. पण चावा तिने खाल्लेला, तेव्हा शेवटचा शब्द तिचाच ठरला. अर्ज काचेखालून निघाला. फाडला नाही, ड्रॉवरमध्ये गेला.

माझ्या अहवालात मी 'गृहभेट उशिरा, चूक माझी' असं लिहिलं. सेंटरच्या मॅडम म्हणाल्या हे वाक्य काढ, शाळा ते पकडून ठेवेल. मी काढलं नाही.

अहवाल मी आईला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला आणि विचारलं, "त्या पोरीला आता पाणी भरायला कोण देतं शाळेत?" मी म्हटलं, आता टाकी वाहत नाही. "मग बरं," आई म्हणाली.

फ्लोट बसला. दाखला दिला गेला नाही. जूनमध्ये ती मुलगी त्याच शाळेत चौथीत बसली.